फॉरमॅट मारला आणि वायफाय गेलं

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि तेव्हापासून घरोघरी विंडोज ११ टाकायचं चाललंय, कुणी स्वतः टाकतंय, कुणी गल्लीतल्या दुकानातून टाकून आणतंय, आणि मग आमच्याकडे पत्रं येतायत ती सगळी एकाच दुखण्याची. मशीन चालू होतंय, स्क्रीन छान दिसतेय, फक्त नेट नाही, वायफायचं चिन्हच गायब. म्हणून या महिन्याचं सगळं सदर त्यालाच दिलंय.

प्रश्न: नमस्कार दादा. मुलगी बारावीला आहे. लॅपटॉप २०१९ चा, आठव्या जनरेशनचा. फार हळू झाला होता म्हणून दुकानात दिला, त्यांनी सगळं पुसून विंडोज ११ टाकून दिलं. घरी आणला तर वायफाय नाही. परत नेला तर म्हणाले वायफायचं कार्ड गेलंय, नवीन टाकायला दीड हजार लागतील. पण आदल्या दिवशीपर्यंत तिची लेक्चर त्याच लॅपटॉपवर चालू होती हो! त्याला लॅनची वायर लावायला जागा नाही आणि घरात दुसरा कॉम्प्युटर पण नाही. कार्ड खरंच गेलं असेल का? – एक वाचक, इचलकरंजी

उत्तर: ताई, दीड हजार आत्ता कुणाला देऊ नका. आदल्या दिवशीपर्यंत चालणारं कार्ड बरोबर फॉरमॅटच्याच दिवशी मरणं ही फार दुर्मिळ गोष्ट आहे, माझा अंदाज आहे की त्याचा ड्रायव्हर, म्हणजे विंडोजला त्या कार्डाशी बोलायला शिकवणारं छोटं सॉफ्टवेअर, पुसला गेलाय, आणि ते तुम्हाला घरबसल्या पाच मिनिटांत बघता येईल.

स्टार्टच्या बटनावर राइट क्लिक करा, जी यादी येते त्यात डिव्हाइस मॅनेजर असतं ते उघडा. आता 'अदर डिव्हायसेस' अशी ओळ शोधा. तिच्याखाली 'नेटवर्क कंट्रोलर' असं लिहिलेलं आणि त्याच्या चिन्हावर छोटा पिवळा त्रिकोण दिसला तर तुमचं कार्ड जागेवर आहे आणि विंडोजला ते दिसतंय. त्याच्यावर डबल क्लिक केलं की आत 'कोड २८' लिहिलेलं सापडेल, त्याचा अर्थ एवढाच की या वस्तूचा ड्रायव्हर टाकलेला नाही. विंडोजला कळतंय की इथे कुणीतरी बसलंय, पण त्याच्याशी बोलायचं कसं ते माहीत नाही. ('इथरनेट कंट्रोलर' दिसला तर ते लॅनचं, 'नेटवर्क कंट्रोलर' बहुतेक वेळा वायफायचं.)

असं होतं का, तर लॅपटॉप कंपनीतून येतो तेव्हा त्याच्यातल्या प्रत्येक भागाचा ड्रायव्हर कंपनीनेच आधी भरलेला असतो, आपण तो कधी पाहिलेलाही नसतो. दुकानदार जी पेनड्राइव्ह लावतो त्यात मायक्रोसॉफ्टची कोरी विंडोज असते, तिच्यात हजारो ड्रायव्हर असतात पण सगळे नसतात, विशेषतः रियलटेक आणि मीडियाटेकची काही वायफाय कार्डं हमखास राहून जातात. मग नेट नाही म्हणून ड्रायव्हर येत नाही आणि ड्रायव्हर नाही म्हणून नेट येत नाही. माणूस अडकतो तो इथेच.

यातून बाहेर काढणारी वस्तू तुमच्या हातातच आहे, अँड्रॉइड फोन आणि त्याची केबल. फोन केबलने लॅपटॉपला जोडा, फोनच्या सेटिंगमध्ये हॉटस्पॉट आणि टेदरिंग म्हणून जे असतं तिथे जा आणि 'यूएसबी टेदरिंग' चालू करा. केबल जोडेपर्यंत तो पर्याय फिका असतो, दाबला तरी दबत नाही, केबल बसली की उजळतो. केबल जोडूनही तो फिकाच राहिला तर केबल बदला कारण काही केबल नुसत्या चार्जिंगच्या असतात, आत डेटाच्या तारा नसतातच, आणि या एका केबलपायी लोक तासन् तास घालवतात. फोनसोबत डब्यात आलेली केबल घ्या. एकदा चालू झालं की लॅपटॉपच्या खालच्या कोपऱ्यातला गोल पृथ्वीचा आकार जाऊन छोटा मॉनिटर दिसायला लागतो, म्हणजे नेट आलं. फोनमधून यूएसबीने येणाऱ्या नेटचा ड्रायव्हर विंडोजमध्ये आधीपासून असतो म्हणून हे जमतं. आणि घरी ब्रॉडबँड असेल तर फोनचं वायफाय चालूच ठेवा, फोन तेच वायफाय केबलमधून लॅपटॉपला देतो, मोबाइलचा डेटा खर्च होत नाही. आयफोन असेल तर मात्र त्याला लॅपटॉपवर अॅपलचा वेगळा ड्रायव्हर लागतो, तेव्हा शेजाऱ्यांचा अँड्रॉइड अर्धा तास मागून घ्या.

नेट आलं की सेटिंगमध्ये विंडोज अपडेट, 'चेक फॉर अपडेट्स' दाबा, ते झालं की अॅडव्हान्स्ड ऑप्शन्समध्ये 'ऑप्शनल अपडेट्स' असतं त्यात ड्रायव्हरची यादी येते, सगळ्यावर टिक करा आणि होऊ द्या. मग रीस्टार्ट. बऱ्याच घरांत गोष्ट इथेच संपते.

इथे नाही संपली तर लॅपटॉप उलटा करा, खालच्या बाजूला स्टिकरवर मॉडेल नंबर असतो, कंपनीच्या सपोर्टच्या साइटवर तो टाकला की वायरलेसचा ड्रायव्हर मिळतो. स्टिकर घासून गेला असेल तर डिव्हाइस मॅनेजरमधल्या त्या पिवळ्या ओळीवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, डिटेल्स, आणि खालच्या पट्टीतून 'हार्डवेअर आयडीज' निवडा. लांबलचक ओळ येते, त्यातले 'व्हीईएन' च्या पुढचे चार आणि 'डीईव्ही' च्या पुढचे चार एवढेच कामाचे. पहिल्या चारवरून कंपनी कळते, ८०८६ असेल तर इंटेल, १०ईसी असेल तर रियलटेक, १४सी३ म्हणजे मीडियाटेक, १४ई४ म्हणजे ब्रॉडकॉम. दुसऱ्या चारवरून नेमकी चिप. १०ईसी आणि सी८२१ आलं तर ती रियलटेकची ८८२१सीई, त्या वर्षांतल्या स्वस्त लॅपटॉपमध्ये ती भरपूर बसवलेली आहे. ही ओळ कॉपी करून मायक्रोसॉफ्ट अपडेट कॅटलॉगच्या साइटवर शोधली तर ड्रायव्हरची फाइल थेट मायक्रोसॉफ्टकडूनच मिळते. 'सगळे ड्रायव्हर एका क्लिकमध्ये' अशा जाहिराती करणारं सॉफ्टवेअर कृपा करून टाकू नका, त्यातलं बरंचसं पैसे मागतं आणि सोबत नको ते बसवून जातं.

आणि डिव्हाइस मॅनेजरमध्ये काहीच नसेल, ना पिवळं ना साधं? तेव्हा कार्डाचा संशय धरायचा, तोही लगेच नाही. लॅपटॉप बंद करा, चार्जर काढा, पॉवरचं बटन तीस सेकंद दाबून धरा, मग चार्जर लावून चालू करा. आत राहिलेला करंट निघून गेला की रुसलेलं कार्ड कितीदा तरी परत दिसायला लागतं. बायोसमध्ये, म्हणजे विंडोज चालू व्हायच्या आधीच्या मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये, वायरलेस बंद केलेलं नाही ना तेही बघा. ब्लूटूथ चालतंय का बघा, कारण बहुतेक लॅपटॉपमध्ये वायफाय आणि ब्लूटूथ एकाच कार्डावर असतात, ब्लूटूथ चालतंय म्हणजे कार्ड निदान जागेवर बसलेलं आहे.

माझ्या मावशीकडे हेच झालं होतं. एका दुकानात तिला कार्ड बदलून दिलं, अठराशे घेतले, आणि नवं कार्डही तसंच मुकं, कारण ड्रायव्हर ना जुन्याचा होता ना नव्याचा. जुनं कार्ड परत मागितलं तर ते मिळालंच नाही. पेन्शनमधले अठराशे होते ते. म्हणून सांगतोय ताई, आधी तो पिवळा त्रिकोण बघा.

प्रश्न: दादा, पहिल्यांदाच स्वतः पीसी असेंबल केला, सगळं चालू झालं पण विंडोज ११ चं सेटअप 'नेटवर्कला जोडा' म्हणतंय आणि तिथेच थांबलंय, लॅनची वायर लावली आहे, पलीकडच्या राउटरला लावून बघितली तर चालते, पण इथे काहीच दिसत नाही आणि पुढे जायचं बटन पण नाही. बोर्ड खराब आलाय का, परत पाठवू का? – एक विद्यार्थी, पुणे

उत्तर: पाठवू नकोस रे. नव्या बोर्डांवर अडीच गिगाबिटची लॅन असते, रियलटेकची ८१२५ किंवा इंटेलची आय२२५, आय२२६ अशी, आणि तू ज्या पेनड्राइव्हवरून टाकतोयस तिच्यात त्या चिपचा ड्रायव्हर नसावा. पेनड्राइव्ह जितकी जुनी तितकं हे जास्त. वर ताईंना सांगितलं तेच कर, अँड्रॉइड फोन केबलने लाव आणि टेदरिंग चालू कर, सेटअपच्या त्या पानावरसुद्धा ते चालतं, थोडं थांब, यादीत नेटवर्क येईल आणि पुढचं बटन उजळेल. नव्या आवृत्तीत त्याच पानावर ड्रायव्हर टाकायचं बटनही दिलंय, दुसऱ्या मशीनवरून बोर्डाच्या कंपनीच्या साइटवरचा लॅन ड्रायव्हर उतरवून पेनड्राइव्हवर झिप उघडून ठेव आणि तिथून दाखव. झिप तशीच ठेवली तर त्याला आतलं दिसत नाही.

शिफ्ट आणि एफ१० दाबून काळी खिडकी उघडायची आणि कमांड मारून नेटचं पान टाळायचं असा एक रस्ता तुला मित्रांनी सांगितला असेल. जुन्या आवृत्तीत तो चालायचा, मायक्रोसॉफ्ट आता तो बंद करत चाललंय, त्यामुळे त्याच्या भरवशावर राहू नकोस. आणि एक, बोर्डाचं नाव खोक्यावरून घेतलंस तरी बोर्डाच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात 'रेव्ह' असा आकडा छापलेला असतो तो पण बघ, मोबाइलचा टॉर्च लावून बघावा लागतो. एकाच नावाच्या बोर्डाच्या दोन रेव्हिजनमध्ये लॅनची चिप वेगळी असू शकते, मग ड्रायव्हर बरोबर उतरवूनही लागत नाही आणि माणूस वेडा होतो.

प्रश्न: मी निवृत्त शिक्षक आहे. दहा-अकरा वर्षं जुन्या लॅपटॉपला विंडोज ११ चालत नाही म्हणून भाच्याने विंडोजच्या जागी उबंटू ही फुकट मिळणारी सिस्टीम टाकून दिली. फार हलकी आणि छान चालतेय, पण वायफाय नाही. भाचा आता बंगळुरूला परत गेला. आतलं कार्ड ब्रॉडकॉमचं आहे असं तो म्हणाला. – एक वाचक, चिपळूण

उत्तर: सर, जुना लॅपटॉप फेकून न देता चालवताय याचा मला मनापासून आनंद झाला. भाच्याने निम्मं निदान केलेलंच आहे. त्या काळातल्या लॅपटॉपमध्ये ब्रॉडकॉमचं ४३१४२ नावाचं कार्ड खूप असायचं आणि ब्रॉडकॉमचा त्याचा ड्रायव्हर खुला नाही, म्हणून उबंटू तो आपणहून चालू करत नाही, तुम्ही सांगावं लागतं. टाकताना 'थर्ड पार्टी सॉफ्टवेअर' वर टिक करायची राहिली असेल.

फोन केबलने जोडून यूएसबी टेदरिंग उबंटूतही चालतं, काही टाकावं लागत नाही. नेट आलं की 'अॅडिशनल ड्रायव्हर्स' नावाचं अॅप उघडा. एखादं मिनिट ते नुसतं शोधत बसतं, बंद करू नका. मग ब्रॉडकॉमच्या नावाखाली दोन पर्याय दिसतील, एक ड्रायव्हर वापरायचा, एक वापरायचा नाही, त्यातला वापरायचा तो निवडून 'अप्लाय' दाबा.

आता पुढची गोष्ट नीट वाचा, कारण पुष्कळ जण इथे घसरतात. लॅपटॉपला 'सिक्युअर बूट' (चालू होताना फक्त ओळखीचंच सॉफ्टवेअर आत घेणारी सुरक्षा) चालू असेल तर उबंटू मधेच तुम्हाला एक पासवर्ड ठरवायला लावेल. तो कागदावर लिहून ठेवा. रीस्टार्ट केलं की एक निळी स्क्रीन येते, तिच्यावर पहिली ओळ पुढे जा अशी असते आणि थोड्या सेकंदांत कुठली कळ नाही दाबली तर ती आपोआप निघून जाते. तुम्ही बाणाने खाली 'एनरोल एमओके' वर जा, पुढे होकार द्या, तोच पासवर्ड टाका. हे केलं नाही तर ड्रायव्हर टाकलेला असूनही चालत नाही आणि स्क्रीनवर कुठे काही चूकही दाखवत नाही. निळी स्क्रीन चुकून गेली तर घाबरायचं नाही, ड्रायव्हर एकदा काढून परत टाकला की ती परत येते.

प्रश्न: डीटीपीचं काम घरूनच करतो. जुन्या मराठी फॉन्टचं सॉफ्टवेअर विंडोज ७ वरच नीट चालतं म्हणून नव्या मशीनवर मुद्दाम ७ टाकली. आता ना लॅन ना वायफाय. सात-आठ साइटवरून ड्रायव्हर उतरवले, एकही लागला नाही. – एक वाचक, कोल्हापूर

उत्तर: उतरवणं आता थांबवा. विंडोज ७ चा सपोर्ट १४ जानेवारी २०२० ला संपला आणि त्यानंतर आलेल्या बहुतेक वायफाय कार्डांना ७ चा ड्रायव्हर कुणी बनवलाच नाही, जो नाहीच तो कुठल्याच साइटवर मिळणार नाही, मिळाला म्हणणारी साइट दुसरंच काहीतरी देतेय. मशीनवर विंडोज ११ टाका आणि तिच्या आत व्हर्च्युअलबॉक्स, म्हणजे एका कॉम्प्युटरच्या आत दुसरा कॉम्प्युटर चालवणारं सॉफ्टवेअर, घालून त्याच्यात विंडोज ७ चालवा. व्हर्च्युअलबॉक्स आतल्या विंडोजला खरं कार्ड दाखवतच नाही, इंटेलचं प्रो/१००० हे जुनं कार्ड असल्याचं भासवतो, आणि ते कार्ड विंडोज ७ जन्मापासून ओळखते. तुमचे फॉन्ट, तुमचं सॉफ्टवेअर सगळं तसंच. पण आतल्या ७ वर ब्राउझर आणि बँक अजिबात नको, ते बाहेरच्या ११ वर करा. सॉफ्टवेअरला यूएसबी लॉक (ते चालण्यासाठी लावून ठेवावी लागणारी पेनड्राइव्हसारखी किल्ली) असेल तर तो आतल्या मशीनला जोडून द्यायची सोय व्हर्च्युअलबॉक्समध्ये आहे, जुनं मशीन विकायच्या आधी तेवढं मात्र तपासून घ्या.

प्रश्न: माझ्याकडे डिव्हाइस मॅनेजरमध्ये सगळं ठीक आहे, पिवळं काही नाही, ड्रायव्हर दोनदा काढून परत टाकला. तरी लॅनवर 'नो इंटरनेट'. – एक वाचक, नांदेड

उत्तर: ड्रायव्हरला आता सोडा, त्याचा दोष नाही. नेटवर्कच्या सेटिंगमध्ये आयपी अॅड्रेस बघा. तो १६९.२५४ ने सुरू होत असेल तर कार्ड व्यवस्थित आहे, त्याला राउटरकडून पत्ता मिळालेला नाही म्हणून त्याने स्वतःचा स्वतः लावून घेतलाय. वायर दोन्ही टोकांना काढून टक असा आवाज येईपर्यंत परत बसवा, राउटर बंद करून चालू करा, दुसरी वायर लावून बघा. लॅनच्या पिनेची ती प्लास्टिकची जीभ मोडलेली असेल तर वायर बसल्यासारखी दिसते आणि बसलेली नसते.

प्रश्न: पुढच्या आठवड्यात लॅपटॉप फॉरमॅट करणार आहे. ही वेळ येऊ नये म्हणून आधी काय करून ठेवू? – एक वाचक, मडगाव

उत्तर: हाच प्रश्न मला सगळ्यात जास्त आवडला, कारण आत्ता तुमचं वायफाय चालू आहे, म्हणजे लागणारे सगळे ड्रायव्हर आत्ता याच लॅपटॉपमध्ये आहेत, फक्त बाहेर काढून ठेवायचेत. पेनड्राइव्हवर एक फोल्डर बनवा. स्टार्टवर राइट क्लिक करून टर्मिनल (कमांड लिहायची खिडकी) अॅडमिनने उघडा. त्यात इंग्रजीत 'पीएनपीयूटिल' लिहायचं, पी एन पी यू टी आय एल सगळी अक्षरं चिकटून, मग स्पेस, मग उजवीकडे झुकलेली तिरकी रेघ आणि तिला लागूनच 'एक्सपोर्ट-ड्रायव्हर', मधे छोटी आडवी रेघ, परत स्पेस, एक चांदणी म्हणजे शिफ्ट दाबून ८, परत स्पेस आणि शेवटी त्या फोल्डरचा पत्ता. एंटर मारलं की एकेक ड्रायव्हर पेनड्राइव्हवर उतरायला लागतो, स्क्रीनवर ओळी पळतात, पाच-दहा मिनिटं. फॉरमॅट झाल्यावर डिव्हाइस मॅनेजरमधल्या पिवळ्या ओळीवर राइट क्लिक करून 'अपडेट ड्रायव्हर', मग 'माझ्या कॉम्प्युटरवर शोधा' या अर्थाचा दुसरा पर्याय, आणि हे फोल्डर दाखवा. आतले फोल्डरही शोध अशी टिक तिथेच असते ती राहू द्या.

हे ज्यांचं करायचं राहिलं त्यांच्यासाठी पण एक सांगतो. विंडोज टाकताना जुनं पार्टिशन पुसलेलं नसेल, नुसतं वरून टाकलं असेल, तर सी ड्राइव्हवर 'विंडोज डॉट ओल्ड' नावाचं फोल्डर पडलेलं असतं आणि तुमचे जुने ड्रायव्हर त्याच्यात तसेच्या तसे असतात. पेनड्राइव्हच्या जागी ते दाखवलं तरी काम होतं. पण ते कायम राहत नाही, साधारण दहा दिवसांनी विंडोज स्वतःच साफ करून टाकते, म्हणून ज्यांनी या आठवड्यात फॉरमॅट मारलाय आणि वायफाय शोधतायत त्यांनी हे वाचून झाल्या झाल्या आधी सी ड्राइव्ह उघडून बघा.